ढोलकीवाल्यानं न पाहिलेला चेहरा

बाबूजी, मागच्या महिन्यात मी विमानात बसले. तेही आपल्या बिरसीहून. कामठ्याच्या पलीकडची ती जुनी धावपट्टी तुम्हाला आठवत असेल. मी लहान असताना सायकलच्या दांड्यावर बसवून तुम्ही मला ती दाखवायला नेलं होतं. तेव्हा तिच्यावर बकऱ्या चरत होत्या. मी विचारलं, विमान कुठं आहे, तर तुम्ही म्हणालात, "येईन कधीतरी. रस्ता तं बनून हाय." आता तिथं काचांची इमारत आहे, सामान ढकलायच्या गाड्या आहेत, बंदूक घेतलेले जवान आहेत आणि खरोखरचं विमान येतं. मी ते जमिनीवर उभं असलेलं पाहिलं तेव्हा पहिल्यांदा तुमचंच हे वाक्य आठवलं आणि उगाच हसू आलं.

माझ्यासोबत तुमची नात होती. तुम्ही गेल्यानंतर चार वर्षांनी ती झाली, त्यामुळे तुमची तिची गाठ पडलीच नाही. यंदा तिची बारावी झाली. हैदराबादला एका कॉलेजात नाटकाची पदवी मिळते. तिथं नुसत्या मार्कांवर भागत नाही, चार जाणत्या लोकांसमोर एकट्यानं उभं राहून काहीतरी करून दाखवावं लागतं. त्याला ऑडिशन म्हणतात. जागा थोड्या आणि पोरं सगळ्या देशातून येणार. घरात कोणालाच हे पटलं नव्हतं. माझ्या सासूबाईंनी तर नर्सिंगचा फॉर्म परस्पर मागवून ठेवला होता. शेवटी बापलेकीत ठरलं की एकदाच जायचं. झालं तर झालं, नाहीतर मुकाट्यानं नर्सिंग. पोरीनं मान डोलावली. आणि त्या एका दिवसासाठी तिनं काय निवडलं ते तिनं मला चुलीपाशी येऊन सांगितलं, तेव्हा माझे कणकेतले हात कणकेतच राहिले. तिनं तुमची बांधावरची सून निवडली होती.

तुम्हाला काय सांगायचं म्हणा, पण मला एकदा ते सगळं लिहून काढायचं आहे. दंडारीतला, गावोगाव फिरणाऱ्या तुमच्या त्या नाच-नाटकाच्या खेळातला, तो तुकडा दहा मिनिटांचाही नव्हता. दिवाळीनंतर गावोगाव मंडईची जत्रा भरते, त्या दिवशी भर दुपारी, इकडं जिलेबीची दुकानं, तिकडं पाळणा, आणि मधल्या मोकळ्या जागेत तुम्ही हिरवं लुगडं नेसून, पायात घुंगरू बांधून उभे. एक शब्द नाही, एक ओळ गाणं नाही, फक्त मागं ढोलकी. सून धान कापते आहे. कापता कापता मान वर करते, तर लांब रस्त्यावर बैलगाडी दिसते. बैल ओळखीचे वाटतात. माहेरची गाडी, बाप न्यायला आला. ती विळा टाकते, पदर सावरते, दोन पावलं पुढं जाते, आणि गाडी भलत्याच गावाच्या वाटेला वळते. सोबतच्या बायका बघत असतात. ती विळा उचलते आणि पुन्हा कापायला लागते. झालं, एवढंच. पण त्या एवढ्याशासाठी आपल्याकडच्या गोरेगाव, कोहमाऱ्यापर्यंतची माणसं तुमच्या दंडारीची वाट बघायची. पाळणेवाला पाळणा थांबवून उभा राहायचा, हे मी स्वतः पाहिलं आहे.

पोरीला हे कुठून कळलं? तुमच्या पेटीतून. दोन वर्षांपूर्वी उन्हाळ्यात तिनं कपाटामागची ती लोखंडी पेटी ओढून काढली आणि लुगडं बघून मला विचारलं, "आई, हे कोनाचं होय?" मी म्हटलं, आबाजीचं. तिला वाटलं मी थट्टा करते आहे. मग ती हात धुऊन मागं लागली आणि शोधत शोधत गोरेगावला तुमच्या दंडारीत ढोलकी वाजवणाऱ्या काकांकडं पोचली. काका अजून आहेत. कानानं कमी ऐकतात, पण हात तसाच. दर बाजाराच्या दिवशी ती एसटीनं जायची आणि त्यांच्या ओट्यावर शिकायची. पाय कसे पडायचे, विळ्याची चाल कशी, कंबर कुठं मोडायची, पदर एका हातानं कसा खोचायचा. लुगडं नेसायला सुद्धा त्यांनीच शिकवलं. तुमचा नियम त्यांनी तिला सांगितला म्हणे, की ज्याला लुगडं स्वतःच्या हातानं नेसता येत नाही त्यानं बाईचा पार्ट करू नये. नऊवारी नेसायला ती पोरगी एका बुढ्या ढोलकीवाल्याकडून शिकली, आणि मी, तुमची लेक, घरात बसून डाळ निवडत होते.

पण एके दिवशी ती बाजारातून आली ती तोंड पाडूनच. काका तिला म्हणाले होते, "पोरी, इतके साल मी त्याच्या पाठीमांगं बसलो. पाय पूस, कंबर पूस, सारं सांगतो. पन तोंड म्या कधी पाह्यलंच नाई. तोंड लोकाईकडं राहे ना." तिनं विचारलं, मग गाडी वळल्यावर आबाजी काय करायचे? काका म्हणाले, "ते मले नाई मालूम. गाडी वळली का लोकं एकदम चूप होऊन जात. मी पाच मोजो अन् थाप मारो. रडत तं नसन तो. तो रडला असता तं लोकंबी रडले असते, अन् मले आवाज आला असता." मग म्हणाले, "तुह्या मायले पूस. समोर पोत्यावर तीच बसून राहे."

तिनं मला विचारलं. मी म्हटलं, "मले नाई आठवत. मी लहान होती. झोपून जावो मी." भर दुपारी, ढोलकीसमोर झोपून जायची म्हणे. पोरगी भोळी नाही, तिनं माझ्याकडं जरा वेळ पाहिलं आणि उठून गेली. नंतर महिनाभरानं पुन्हा विचारलं, मी पुन्हा तेच सांगितलं. शेवटी तिनं आपल्या मनानं त्या जागी रडणं बसवलं. चांगलं रडायची. डोळ्यांत पाणी आणायला तिला ग्लिसरीन लागत नाही. शेजारणी बघून गेल्या आणि नाकं पुसत गेल्या. मीही म्हटलं, छान आहे. आणि मला दिसत होतं, की पायापासून मानेपर्यंत तुम्ही आहात आणि वर कोणी दुसरंच बसवलं आहे.

जायच्या आदल्या दिवशी सामान भरलं. विमानात वजनाचं फार, म्हणून तुमचे जावई दोन्ही बॅगा मोटारसायकलवर बांधून राइस मिलवर घेऊन गेले आणि धानाची पोती मोजायच्या काट्यावर मोजून आणल्या. म्हणाले, मोठीत दोन किलो जास्त आहे. मग आम्ही तिघं खाली बसून एकेक वस्तू काढू लागलो. मी भरलेले चिवडा, लाडू, तांदळाचे पापड, आंब्याचं लोणचं. पोरगी म्हणे, "आई, तीन दिवसासाठी जाऊन राहिलो ना आपन? तिथं मानसं जेवत नाईत का?" लोणचं निघालं, पापड निघाले, माझी एक साडी निघाली. लुगडं काढायचं कोणी नावही घेतलं नाही. ते तिनं हातात घेऊन बसायच्या पिशवीत वेगळं ठेवलं होतं, घुंगरू त्यातच गुंडाळले होते. तुमच्या जावयांनी ते लुगडं उचलून हातावर तोललं आणि म्हणाले, "बापरे, एवढं नेसून नाचे बुढा?" आणि मग त्यांचं त्यांनाच काहीतरी वाटलं, घडी नीट करून परत ठेवलं.

सगळे उठून गेल्यावर मी मोठ्या बॅगेत, कपड्यांच्या मधोमध, ते नारळ ठेवलं. तुम्हाला कळलं असेल कोणतं. दंडारीचा हंगाम सुरू होताना पहिल्या खेळाआधी पुजलेलं नारळ तुम्ही लोक फोडत नव्हता. ते ढोलकीच्या खोळीत ठेवून गावोगाव फिरवायचं, आणि शेवटची मंडई झाली की त्याच ढोलकीसमोर फोडून सगळ्यांनी खायचं. हंगाम पुरा झाल्याची ती खूण. तुम्ही ज्या वर्षी दंडार सोडली त्या वर्षी हंगाम अर्धाच झाला होता. काकांनी ते नारळ घरी आणून दिलं, "ज्यानं पुजलं त्यानंच फोडावं," असं म्हणून. तुम्ही ते पेटीत लुगड्यावर ठेवलं आणि त्यानंतर पेटी उघडली नाही. इतक्या वर्षांत आतलं खोबरं सुटून त्याचा गोटा झाला आहे. हलवलं की खडखड वाजतं. मला वाटलं, पोरगी पुढचा खेळ करणार आहे तर नारळ तिच्यासोबत असावं. मी तिला सांगितलं नाही.

बिरसीला सामान घेणाऱ्या खिडकीत एक मुलगी होती, रायपूरकडची असावी. तिनं पाठ केल्यासारखं विचारलं, "पावर बैंक, लाइटर, सूखा नारियल कुछ है क्या?" बाबूजी, जगातल्या सगळ्या वस्तूंमधून तिनं नेमकं नारळाचं नाव घेतलं! मी खोटं बोलू शकले असते, पण अशा वेळी मला खोटं सुचत नाही. भलत्या वेळी सुचतं. मी म्हटलं, "है एक." बॅग उघडावी लागली. मागं रांग, समोर माझ्या परकराच्या घड्या, आणि त्यातून निघालेलं ते काळंठिक्कर नारळ. तिनं कानाशी धरून हलवलं. "मैडम, ये नहीं जाएगा. सूखे नारियल में तेल होता है, आग पकड़ता है." मी म्हटलं, "बेटा, बहुत पुराना है, तीस साल से ऊपर का." ती म्हणाली, "तो और सूखा हुआ ना." पोरगी माझ्याकडं बघतच राहिली. "आई, हे कायले आनलं तू?" मी म्हटलं, असंच. जवानाला विनवून मी दारापर्यंत गेले. तुमचे जावई विमान उडेपर्यंत हलणार नाही म्हणून बाहेर उन्हात उभेच होते. त्यांच्या हातात नारळ दिलं. "ह्याचं का करू मी?" "देवापाशी ठेवा. फोडू मात्र नका." त्यांनी ते डिक्कीत ठेवलं नाही, हातातच धरून उभे राहिले, हे मला आतल्या काचेतून दिसत होतं.

आणि मग आम्ही उडालो. पंख्याचं लहान विमान. मी देवाचं नाव घेत डोळे मिटून होते, तर पोरीनं माझा हात दाबला, "आई, खाली पाह्य." मी पाहिलं आणि मग उतरेपर्यंत काचेवरचं कपाळ काढलं नाही. बाबूजी, आपला मुलूख वरून किती सुंदर आहे हे आपल्याला कोणी सांगितलंच नव्हतं. जिकडं बघावं तिकडं पाणी. इतके मोठे तलाव, इतक्या लहान लहान बोड्या, सगळ्या उन्हात चमकत होत्या. उन्हाळी धानाच्या चौकोनी बांध्या हिरव्या, कापलेल्या पिवळ्या, आणि त्यांच्या मधून जाणारे बांध सुईनं घातलेल्या टाक्यांसारखे. एक रस्ता दिसला, मी ठरवून टाकलं की तो गोरेगावचा. ढोलकी, पेटी, लुगडं घेऊन तुम्ही लोक सकाळी निघायचे आणि दुपारपर्यंत चालत राहायचे, तो रस्ता मी पाणी पिऊन बाटलीचं झाकण लावेपर्यंत मागं गेला. मला रडू आलं ते दुःखाचं नव्हतं. हे सगळं इतकं मोठं आहे आणि त्यात कुठंतरी एका मोकळ्या जागेत तुम्ही नुसत्या चेहऱ्यानं गावंच्या गावं गप्प करत होता, याचं मला नवल वाटून राहिलं होतं.

तिथंच, त्या खिडकीशी, मी तुमची ती शेवटची मंडई पुन्हा पाहिली. मी सहावीत आहे. गोरेगावच्या शाळेत नुकती जाऊ लागले आहे आणि वर्गातल्या तीन मुली आपल्या गावच्या मंडईला आल्या आहेत. मी नेहमीसारखी पुढं पोत्यावर बसले आहे, त्या माझ्या मागं. तुम्ही मला कधीतरी सांगितलं होतं, की हवेत पाहिलं तर नजर खोटी दिसते, खऱ्या वस्तूकडं पाहावं लागतं. "म्हनून मी तुह्याकडं पाहतो. तूच माही गाडी." तेव्हा मला त्याचा केवढा गर्व होता. त्या दिवशी तुम्ही मान वर केली, माझ्याकडं पाहिलं, तुमचा चेहरा उजळला, तुम्ही विळा टाकला. आणि तुमचं लुगडं बघून मागून एक मुलगी म्हणाली, "तुह्या घरी दोन माया हायेत का वं?" बाकीच्या फिदीफिदी हसल्या. मी उठले. परकर झटकला, तुमच्याकडं पाठ केली आणि गर्दीतून वाट काढत निघून गेले. पानठेल्यापाशी पोचल्यावर सगळं एकदम शांत झालं म्हणून मी वळून पाहिलं. तुम्ही सोबतच्या बायकांकडं बघून हसत होता. काही नाही, काही नाही, दुसऱ्याच कोणाची गाडी होती, असं ते हसू. तुम्ही तिथं नेहमीच हसायचे. रडणं नव्हतंच कधी. त्या संध्याकाळी ओट्यावर बसून गोड्या तेलानं तोंडाचा रंग पुसता पुसता तुम्ही आईला सांगितलं, "आवाज बसला. आता बस झाली दंडार." मी दारात उभी होते. तुम्ही माझ्याकडं पाहिलं आणि हसलात.

हैदराबादला कॉलेजजवळ एक लहान खोली घेतली होती. दुसऱ्या दिवशी सकाळी ऑडिशन. संध्याकाळी पोरीनं पलंग भिंतीला सरकवला, लुगडं नेसली, फोनवर काकांची ढोलकी लावली. काकांनी ती घरी वाजवून भरून दिली होती, गाडी वळल्यावरचे पाच आकडे रिकामे सोडून. तीनदा केलं, तीनदा रडली, आणि तिसऱ्यांदा मधेच थांबून खाली बसली. "नाई जमून राहिलं, आई. हे खोटं होय. मले समजते." मी म्हटलं, चांगलं होतं. तिनं घुंगरांची दोरी सोडता सोडता सहज विचारलं, "आबाजीचा आवाज बसला म्हनून त्याइनं दंडार सोडली ना?" मी म्हटलं, हो. ती म्हणाली, "पन आई, ह्याच्यात तं आवाजच नाई. मंग काऊन सोडलं?"

बाबूजी, इतक्या वर्षांत हा प्रश्न मला कोणी विचारला नव्हता. आईनं नाही, काकांनी नाही. सतरा वर्षांच्या पोरीनं घुंगरू सोडता सोडता विचारला. सांगून टाकावं असं वाटलं, अगदी ओठांपर्यंत आलं. पण उद्या तिची परीक्षा होती. निदान मी स्वतःला तसं समजावलं. मी टॉवेल झटकला, तिच्याकडं पाहिलं आणि हसले. "काही नाई वं. दंडारवाल्याइचं कायचं काय. बसला आवाज, सोडलं." ती दोरी सोडायची थांबली. माझ्या तोंडाकडं बघत राहिली. मग अगदी हळू म्हणाली, "आई, थांब. हालू नको." मला वाटलं अंगावर पाल पडली की काय. ती उठली, आरशासमोर गेली, दोन पावलं टाकली, विळा टाकला, मान वर केली, आणि जिथं रडायची तिथं हसली. मग वळून माझ्याकडं पाहून पुन्हा तशीच हसली. त्या भाड्याच्या खोलीत, ट्यूबलाइटच्या उजेडात, हिरवं लुगडं नेसून तुम्ही उभे होता. तिनं तुमचा एक फोटोसुद्धा धड पाहिलेला नाही. घरात होता तो पाण्यानं पुसला गेला. आणि तुमचा डावा ओठ आधी उचलला जायचा ना, तोसुद्धा आधी उचलला गेला. तिनं विचारलं, "असंच करत ना आबाजी?" मी मान हलवली. हो.

सकाळी पालकांना आत सोडलं नाही. दार बंद झालं. बाहेर अंगणात झाडाखाली एक बाक होता, दाराच्या अगदी समोर, मी त्यावर जाऊन बसले. आजूबाजूला आई-बाप होते, कोणी इंग्रजी बोलणारे, कोणी तेलुगू. एका बाईनं सांगितलं की तिचा मुलगा सहा वर्षांपासून मोठ्या गुरूंकडं शिकतो आहे. माझी मुलगी कुठं शिकली असं विचारल्यावर मी म्हटलं, गोरेगावच्या ओट्यावर. मग आतून घुंगरू वाजले. ढोलकी सुरू झाली. कापणीची चाल, मग मान वर केल्याची ती एक हलकी थाप. मला फक्त ऐकू येत होतं, दिसत काही नव्हतं. तेवढ्यात चौकीदार आला, "अम्मा, उधर छाया में बैठिए, ये बेंच हटाना है." मी म्हटलं, "अभी नहीं उठूँगी." तो म्हणाला दोनच मिनिटं लागतील. मी त्याच्यावर अशी डाफरले की ती शिकलेली बाई सुद्धा दचकली. ढोलकी थांबली होती. मी बाकाच्या दोन्ही कडा घट्ट धरून समोरच्या बंद दाराकडं बघत होते. एक, दोन, तीन. आत कोणी खोकललं नाही की खुर्ची सरकली नाही. चार, पाच. थाप पडली. मी जागची हलले नव्हते.

मागच्या आठवड्यात यादी लागली. तिचं नाव आहे. सासूबाई गावभर पेढे वाटत सांगत होत्या की आपल्याला हे आधीपासूनच वाटत होतं. नर्सिंगचा फॉर्म कुठं गेला ते कोणी विचारू नये. मग आम्ही काकांकडं गेलो. पोरीनं त्यांना हाताला धरून ओट्यावरून खाली आणलं आणि अंगणात समोर खुर्चीवर बसवलं. म्हणाली, "आज तुम्ही वाजवू नका. आज पाहा." ते अवघडून बसले, रिकाम्या हातांचं काय करावं ते त्यांना कळेना. शेवटी ते गुडघ्यांवर ठेवले. ती हसली तेव्हा त्यांची बोटं गुडघ्यावर पाच मोजायची विसरली. बऱ्याच वेळानं ते म्हणाले, "असा दिसे व्हय तो." पुन्हा म्हणाले, "एवढे साल मी त्याच्या मांगं बसलो, अन् तो असा दिसे." मग माझ्याकडं वळून त्यांनी हात जोडले. बाबूजी, त्यांनी मला हात जोडले! "तुवा जपून ठेवलं, बाई. तुवा पोरीले शिकवलं."

ऑडिशनमध्येही तिला विचारलं होतं म्हणे, की हे हसू कोणी शिकवलं, आणि तिनं सांगितलं, आईनं. सगळे तेच म्हणतात आता. मी काकांसमोर मान डोलावली, नाही म्हणाले नाही. नारळ देवापाशी आहे. ती दिवाळीत येईल, गावच्या मंडईत सून करीन म्हणते आणि नंतर काकांच्या ढोलकीसमोर नारळ फोडीन म्हणते. तिनं फोडायच्या आधी तुम्ही दंडार का सोडली या तिच्या प्रश्नाचं उत्तर तिला द्यायला हवं, एवढं मी ठरवलं आहे. तिच्याशी कसं बोलायचं त्याची तयारी म्हणून हे लिहायला बसले. हे पत्र जाणार कुठं, पेटीतच जाईल. पण तुम्हाला एवढं कबूल करून टाकते. मी तिला काही शिकवलं नाही. मी तिच्याशी खोटं बोलत होते, आणि तसं खोटं बोलताना चेहरा कसा होतो ते मी एकदाच, आपल्या दारात उभी राहून पाहिलं होतं. तुमचा आवाज बसला नव्हता, बाबूजी. मला ते त्याच संध्याकाळी कळलं होतं.